गाडीला मूळ धाडतात

आमच्या घरात देवांच्या फोटोंच्या ओळीत एक जपानी माणूस होता. आधी खंडोबा, मग तुळजाभवानी, मग तो आणि त्याच्या पलीकडे दत्त. टक्कल, गोल भिंगांचा चष्मा, बंद गळ्याचा कोट आणि ओठ असे घट्ट मिटलेले, की आत्ताच कुणीतरी गोड बोलून त्याला फसवायला बघितलंय आणि त्यानं ते ओळखलंय. बारामतीच्या एजन्सीनं वाटलेल्या कॅलेंडरावरचा तो कंपनीच्या संस्थापकाचा फोटो. वर्ष सरल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खालचे महिने कापून टाकले आणि वरच्या माणसाला काचेची चौकट करून आणली. आई रोज पूजा करताना त्यालाही गंध लावायची. मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "वळीत बसलाय, एकल्यालाच कसं वगळायचं?" एकदा आत्या आली होती. तिनं ओळीला हात जोडले आणि त्याच्यापाशी अडखळली. "ह्यो कुठला म्हाराज?"

"जपानचा," अण्णा म्हणाले.

"पावतो का?"

"पावतो म्हंजी? दारात हुबा हाय बघ की."

दारात आमचा टेंपो उभा होता.

कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. भीतीनं नव्हे, आमच्या घरात ते कधी कुणी घेतच नसे, एवढंच. अण्णांच्या जिभेला ते वळत नव्हतं. ते 'जपानवाले' म्हणत. जपानवाल्यांनी मोटारी काढल्या, जपानवाल्यांनी हिंदुस्थानात कारखाना टाकला, जपानवाल्यांनी ठरवलं की लासुर्ण्याच्या माणसाचा दोडका पुण्याला ताजा पोचला पाहिजे. हे शेवटचं त्यांनी ठरवल्याचं माझ्या वाचनात कुठं आलेलं नाही, पण अण्णा ते इतक्या खात्रीनं सांगत, की शंका घेणं कृतघ्नपणाचं वाटे. गाव त्यांना जपानराव म्हणू लागलं. अण्णांनी ते कौतुक म्हणून घेतलं. थट्टा आणि कौतुक यांतला फरक त्यांना आयुष्यभर कळला नाही. सुखी माणसाचं ते लक्षण असावं.

आमचं घर लासुर्ण्याला कालव्याच्या अलीकडे. दोडका, घेवडा, टोमॅटो, बांधाला पेरू. दुपार कलली की अंगणात करंड्या भरायच्या. दोडके आडवे-उभे नीट रचायचे, वर कडुलिंबाचा पाला, त्यावर ओलं गोणपाट. वाकडे दोडके बाजारात जात नसत, ते आमच्या पोटात जात. त्यांच्या शिरांची चटणी आई तिळावर परतून करायची. त्या चटणीचा खरपूस वास आणि टेंपोच्या डिझेलचा वास हे माझ्या नाकात एकमेकांना चिकटूनच बसले आहेत. आजही पेट्रोल पंपावर मला भूक लागते. साखर कारखान्याचा भोंगा झाला की अण्णा किल्ली फिरवत. इंजिन पहिल्याच फटक्यात चालू होई आणि ते दर वेळी आमच्याकडे बघत, जणू किल्ली फिरवणं हेही त्यांचंच संशोधन होतं. शेजारच्या वस्तीवरचे तात्या त्या वेळी हटकून बांधावर असत. तात्यांच्या पिढीला जपानी माल म्हणजे जत्रेतली खेळणी. ते म्हणत, "जपानी म्हंजी पत्र्याची चिमणी, जपानराव. किल्ली दिली का उडती. दुसऱ्यांदा दिली का मोडती."

"तुमचा काळ गेला, तात्या."

"चिमणीचा गेला. किल्लीचा न्हाय गेला."

पण दोन पावसाळे गेले, चिमणी काही मोडली नाही, आणि तात्यांनीही टेंपो घेतला. अण्णांच्या शब्दावर गावात आणखी कितीतरी टेंपो आले. प्रत्येक नवा टेंपो आला की अण्णा स्वतः चाकाखाली लिंबू ठेवत आणि संस्थापकाची कथा सांगत. ती सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा होई. एका लोहाराच्या पोरानं पडवीत भातशेतीचे पंप बनवले. बायकोनं लग्नातली वस्त्रं विकली. मग शेडला आग लागली. मग पंपाच्या इंजिनाला चाकं लावली आणि मोटार झाली. पुढं मी इंदापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल झाले आणि कंपन्यांचे इतिहास बरेच वाचले. सगळ्यांत एक गरीब मूळपुरुष असतो, एक सोशिक बायको असते आणि एक आग असते. आग लागल्याशिवाय कंपनी मोठी होत नाही असं दिसतं. बायकोनं पुढं ती वस्त्रं परत घेतली का, हे कुठल्याच इतिहासात दिलेलं नसतं.

कथेतला अण्णांचा सर्वांत आवडता भाग मात्र वेगळा होता. विकलेल्या एका मोटारीत खोट निघाली, तेव्हा या माणसानं तसल्या सगळ्या मोटारी आपण होऊन परत बोलावल्या, फुकट दुरुस्त केल्या आणि गिऱ्हाइकांपुढं कमरेत वाकून उभा राहिला. हे गावाला समजेल कसं? अण्णांनी त्यासाठी आपल्यातला शब्द काढला. "कंपनी गाडीला मूळ धाडती," ते म्हणत. मूळ धाडणं म्हणजे सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला माणूस पाठवणं. आमच्याकडं लेक आपल्या आपण उठून येत नाही. कुणीतरी न्यायला जावं लागतं. अण्णा सांगत, "एकीत खोट निघाली का समद्या भैणींना मूळ धाडत्यात. माहेरी आणायचं, बरं करायचं, आन मग नांदाया लावायचं."

"आन न्हाय नांदली तर?" तात्या विचारत.

"न्हाय कशी? जपानी हाय ती."

सगळे हसत. माझी मोठी बहीणही हसे. तिचं नाव कमल, मी तिला अक्का म्हणायची. ती माझ्याहून उंच, सावळी, हाताला चपळ. करंडी रचावी तर तिनं. पुण्याचे अडते आमची करंडी दुरून ओळखत.

आमच्या टेंपोसोबत बारामतीहून एजन्सीचा एक तरुण आला होता. निळा सदरा, खिशावर कंपनीचं चिन्ह, डोक्यावर तसलीच टोपी. अक्कानं टेंपोला ओवाळलं, तेव्हा त्यानं टोपी काढून हात जोडले. अण्णांनी विचारलं, "कुठं असतासा?"

"पार्टस् बघतो. काउंटरला."

"समदं जपानवरनं येतंय व्हय?"

"काही तिकडून, काही इकडं बनतं. पण डबी तीच."

डबी तीच. हे वाक्य मला शब्दशः आठवतं, कारण अण्णा पुढं चार दिवस ते घोळवत होते. तो मूळचा कऱ्हाटीचा, घरी आई आणि थोडी जमीन. स्थळ आलं नाही, अण्णांनीच ते आणलं. आमच्याकडं पोरगी द्यायची म्हणजे विहिरीला पाणी किती, सासूची जीभ कशी, पोरगा कुठल्या कट्ट्यावर बसतो, इथपर्यंत चौकशी होते. अण्णांनी टेंपो घेताना सहा महिने चौकशी केली होती. बाभळीखाली गाड्या उभ्या करून ड्रायव्हरांना चहा पाजला होता. आई म्हणाली, "कऱ्हाटीला जाऊन कुणाला तरी इचारून या."

"आगं, कंपनी काय इचारल्याबिगर माणूस ठेवती व्हय?"

"कंपनी माणूस काउंटरला ठिवती. मी पोरगी घरात ठिवणार हाय."

"जपानवाल्यांनी पारखलाय त्येला. आपण काय जास्ती शाणं?"

असं झालं ते लग्न. वरात टेंपोतून निघाली, बॉनेटवर झेंडूचा हार आणि त्यातून डोकावणारं कंपनीचं चिन्ह. अण्णा बाशिंग बांधल्यासारखे दिसत होते. नवऱ्या मुलापेक्षा जास्त फोटो त्यांचे आहेत.

लग्नानंतर आमच्या टेंपोचं सगळं सामान जावयाकडून येऊ लागलं. तेही घरपोच. छोट्या पुठ्ठ्याच्या आणि पत्र्याच्या डब्या, वर जपानी अक्षरांचा कागद. सामान टेंपोत बसे आणि रिकाम्या डब्या आमच्या स्वयंपाकघरात. अण्णा त्या फेकू देत नसत. एकीत मोहरी, एकीत जिरं, एकीत ओवा. आमची फोडणी त्या काळात पूर्णपणे जपानी होती.

अक्का दिवाळीला आली तेव्हा जरा गप्प वाटली. संक्रांतीला आली नाही. मग पंचमी आली. नागपंचमीला लेकीला मूळ धाडलंच पाहिजे. आमच्या भागात पंचमीला जिला कुणी न्यायला येत नाही, ती विहिरीच्या काठाला बसून रडते अशी गाणीच आहेत. अण्णा टेंपो घेऊन स्वतः गेले आणि अक्काला घेऊन आले. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आईनं पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. लिंबाला झोका बांधला होता, वस्तीवरच्या पोरी फेर धरत होत्या. मेंदीची वाटी घेऊन मी अक्काकडं गेले तर तिनं हात पदराखाली घेतले.

"नगं. झोंबतंय."

"मेंदी झोंबती व्हय कुठं?"

मी तिचा हात ओढला. बोटांच्या पेरांवरची कातडी गेली होती. आत गुलाबी, कडेनं पांढरी सालपटं, आणि हाताला पेट्रोलचा वास. धुणंभांडी करून असं होत नाही, एवढं मलाही कळत होतं. "जेवताना सांगते," ती म्हणाली. "अण्णांच्या म्होरंच सांगते."

अण्णा पाटावर बसले. आईनं वाफाळती दिंडं वाढली, वर तुपाची धार. अक्का चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं, "अण्णा, टेंपोचं ब्रेक कवा बदललं?"

"गेल्या म्हयन्यात. जावईबापूंनी सोता काढून दिलं सामान. ओरिजनल."

"ते ओरिजनल न्हाय. ती डबी म्या भरलीया."

अण्णांचा हात दिंडावर तसाच राहिला. मग अक्कानं सांगितलं, एका दमात, वर न बघता. जावई कुठून तरी पोत्यानं सामान आणायचा. भलत्याच कारखान्याचं, हलक्या रबराचं. त्यावरचा शिक्का पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायचा, सामान डबीत भरायचं, वर जपानी अक्षरांचा कागद चिकटवायचा. काउंटरखाली खऱ्या डब्यांच्या जागी त्या डब्या जायच्या. ते काम सासू आणि ती करत. तिनं एकदा नको म्हटलं, तेव्हा त्यानं मारलं आणि कोठीच्या खोलीत कोंडून ठेवलं, आणि बाहेरून सांगितलं, कधी धाड पडली तर डब्यांवर हात तुझे आहेत.

"मारल्याचं न्हाय म्हणत म्या," अक्का म्हणाली. "पर ते ब्रेकचं सामान हाय, अण्णा. कुणाच्या गाडीत बसतंय कुणास ठावं. मला झोप लागत न्हाय."

"कागद तर जपानी हाय की त्येच्यावर," अण्णा म्हणाले. हे त्यांचं पहिलं वाक्य. पोरीच्या हाताबद्दल नव्हे.

"कागद छापून मिळत्यात. घाईत कदी कदी उलटा चिकटतो. मोहरीची डबी बगा, ती माझीच हाय. तिच्यावर उलटा हाय."

अण्णा उठले. फळीवरची मोहरीची डबी त्यांनी काढली आणि दारातल्या उजेडात धरली. आधी एका बाजूनं बघितली, मग फिरवली, मग पुन्हा पहिल्यासारखी केली. जपानचा एवढा भक्त, पण त्या अक्षरांचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे त्यांना कळत नव्हतं. फिरवता फिरवता झाकण निघालं आणि मोहरी जमिनीवर सांडली, चुलीपर्यंत. कुणीच ती गोळा करायला वाकलं नाही.

"मला तितं परत नगा धाडू," अक्का म्हणाली.

"जेव आधी," अण्णा म्हणाले. "बघतो."

बघतो हा शब्द अण्णा खोटा वापरत नसत. दोडक्याला भाव बघतो म्हणाले तर बघत. म्हणून मी त्या शब्दाला धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिकामा टेंपो काढला. मला इंदापूरला कॉलेजात जायचं होतं, मी शेजारी बसले. अण्णांनी कधी नव्हे ते टेंपो बैलगाडीच्या चालीनं चालवला. उतार आला की गिअर खाली घ्यायचे आणि पाय पॅडलवर नुसता ठेवायचे, झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवावा तसा. समोर एस.टी. दिसली की कडेला घेऊन थांबत. मी त्यांच्याकडं बघत होते आणि माझ्या मनात आनंद मावत नव्हता. ज्या माणसाला लेकीचं खरं वाटत नाही, तो असा टेंपो चालवत नाही.

बारामतीच्या एजन्सीत ते गेले नाहीत, हेही मी मनात टिपलं. इंदापूरच्या नाक्यावर एक मिस्त्री होता, त्याच्याकडं गेले. त्यानं चाक उतरवलं, आत बोटं घातली आणि रबराची एक छोटी वाटी काढून तळहातावर ठेवली. ती चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली होती.

"हे कुठनं घ्येतलंत, जपानराव?"

अण्णांनी बोटानं ती वाटी दाबून बघितली.

"आज-उद्या पॅडल खाली बसलं असतं. मग देव पाठीशी असंल तरच. न्हायतर समोर."

"दुसरं टाक. चारी चाकांना," अण्णा म्हणाले. "आन ह्ये हिकडं दे."

फुगलेल्या वाट्या त्यांनी रुमालात बांधून खिशात घातल्या. मग मला समोरच्या हॉटेलात नेलं. मला कांदाभजी सांगितली, स्वतःला चहा. अण्णा बाहेर कधी पैसे मोडत नसत. मला वाटलं, निकाल लागला, आणि आपल्या बाजूनं लागला. कॉलेज त्या दिवशी मी बुडवलं. येताना टेंपो पुन्हा पहिल्यासारखा पळाला. अक्काला कुठल्या खोलीत ठेवायचं, तिचं शिवणाचं मशीन कऱ्हाटीहून कसं आणायचं, हे मी वाटेत सगळं ठरवून टाकलं. गाव येईपर्यंत मी तिला जवळजवळ नांदवून मोकळी झाले होते, आमच्याच घरात.

अंगणात उतरल्या उतरल्या अण्णा म्हणाले, "कमळे, बोचकं बांध. पाव्हणं वाट बघत आसत्याल."

अक्का दारात उभी होती. बोलली ती आई. "आवो, आन त्ये ब्रेकचं?"

"बदललं."

"म्हंजी पोरगी खरं बोलती."

"खोटं कोण म्हणतंय?"

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा उलटसुलट करून बघितलं आहे, त्या मोहरीच्या डबीसारखं. त्यांना तिचं खोटं वाटलं असतं, तर मी त्यांना माफ करून टाकलं असतं. आंधळ्या भक्ताला माणूस माफ करतं. पण त्यांनी तिच्या शब्दावर चारी चाकं उतरवली होती.

"खरं हाय, तर धाडताय कशाला?" आई म्हणाली.

"आगं, समद्या गावाला म्या सांगितलंय का जपानवाल्यांचा माणूस हाय त्यो. उद्या ह्ये भाईर आलं तर नाव कुणाचं जाईल? एजन्सीचं जाईल, कंपनीचं जाईल..."

"तुमचं जाईल."

अण्णांनी टेंपोची किल्ली पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "म्या बोलतो जावयाशी. सुधारंल."

"गाडीला मूळ धाडणाऱ्याचा फोटू लावलाय देवात," आई म्हणाली. "मी रोज गंध लावते त्येला."

अक्कानं बोचकं बांधलं. दिंडं उरली होती, ती आईनं डब्यात दिली. मी टेंपोच्या मागं कालव्याच्या वळणापर्यंत चालत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला. धनगराचं पोरगं ओरडलं आणि अण्णांनी ब्रेक दाबला. टेंपो जागच्या जागी उभा राहिला. एक मेंढरू तर बंपरला नाक लावून परत गेलं. नवे ब्रेक उत्तम लागत होते. मागच्या काचेतून अक्काचं डोकं पुढं गेलं आणि पुन्हा जागेवर आलं. कळप गेला, टेंपो गेला.

आणि त्यानंतर अण्णांनी जे केलं, ते मला जास्त लागलं. त्या आठवड्यात ते गावातल्या प्रत्येक टेंपोवाल्याच्या घरी गेले. तात्यांच्या बांधावर तर मीच त्यांच्याबरोबर होते. "ब्रेक बघून घ्या," ते म्हणाले. "इंदापूरच्या मिस्त्रीकडनं. बारामतीला नगा जाऊ."

"का वो?"

"बघून घ्या म्हणतो ना."

"जपानवाल्यांनी सांगावा धाडलाय व्हय?"

"तसंच समजा."

तात्या हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेंपो घेऊन गेले. दिवाळीच्या आत गावातले सगळे टेंपो इंदापूरला जाऊन, बरे होऊन परत आले. कुणाला अपघात झाला नाही. संस्थापकानं केलं नसतं इतक्या चोख रीतीनं अण्णांनी सगळ्या बहिणींना माहेरी आणलं. फक्त जिच्या तोंडून खोट कळली, ती एकटी सासरी राहिली.

आईनं त्या दिवसापासून जपानी माणसाला गंध लावणं बंद केलं. ओळीतून काढला नाही. देवांच्या मधे मोकळी जागा वाईट दिसते. पण खंडोबा, भवानी, दत्त आणि त्यांच्यात एक कोरडं कपाळ. अण्णांना ते दिसत असणार. किल्ली फिरवल्यावर आमच्याकडं बघणं त्यांनी सोडलं.

अक्का तिथं आणखी काही वर्षं राहिली. मूळ धाडलं जाई, ती पंचमीला येई, मेंदी लावत नसे, परत जाई. तिनं पुन्हा कधी काही मागितलं नाही. मग एकदा एजन्सीत मुंबईहून कंपनीची माणसं आली, डब्या उघडल्या गेल्या, जावई नोकरीतून गेला आणि गावातूनही गेला. त्या आधीच अक्का आली होती. भर उन्हाळ्यात, सण ना वार, कडेवर पोरगा. अण्णा अंगणात करंड्यांना दोरी लावत होते. त्यांनी विचारलं, "कोण आणाय आलतं?"

"यष्टीनं आणलं," अक्का म्हणाली आणि चूल कुठं आहे ते विसरलेली नसल्यासारखी सरळ आत गेली.

आज ती इंदापूरला असते. पेरूची आणि डाळिंबाची रोपं करते, तिची रोपं घ्यायला लांबून लोक येतात. पोरगा शिकून नोकरीला लागला. आई गेल्यावर अण्णांना कुणी सांभाळायचं हा प्रश्न आला, तेव्हा मी काही म्हणायच्या आत अक्का लासुर्ण्याला गेली आणि त्यांना घेऊन आली. त्यांना आणायला गेली ती. मी तिला विचारलं, कसं जमतं तुला? ती म्हणाली, "म्हाताऱ्यानं त्या वेळी गावाचं ब्रेक बदललं, विजे. तेवढं तरी केलं. न्हायतर माझ्या हातानं कुणीतरी मेलं असतं." मी तितकी मोठी नाही. मी पुस्तकं वाचलेली बाई आहे. मला एवढ्यावर भागत नाही.

अलीकडची गोष्ट. मी रविवारी अक्काकडं गेले होते. अण्णा खाटेवर, पाठीला उशी, कमरेतून इतके वाकलेले की बसलेले असले तरी काहीतरी शोधताहेत असं वाटतं. टीव्हीवर बातम्या होत्या. जपानमधली ती कंपनी, तीच, इतकी वर्षं तपासणीतले दोष दडवत आली होती आणि आता उघडी पडली होती. काळ्या सुटातले साहेब एका रांगेत उभे होते. मग सगळे एकदम कमरेत वाकले. खूप वेळ. कॅमेऱ्यांचे लखलखाट होत राहिले आणि ते वाकलेलेच.

मला वाटलं, आता तरी. साऱ्या आयुष्याची श्रद्धा समोर उघडी पडताना माणसाच्या तोंडावर काय येतं, ते मला बघायचं होतं. खरं सांगते, मी त्याची वाटच बघत होते.

अण्णांचे डोळे भरून आले. "बघा," ते म्हणाले. "चूक झाली तर कशी वाकली माणसं. केवढी मोठी माणसं. ह्येला म्हणत्यात नाव."

अक्का भाकरी चुरत होती. तिनं टीव्हीकडं बघितलं, मग अण्णांकडं, त्यांच्या कमानीसारख्या पाठीकडं. आवाजात राग नव्हता.

"वाकलाय की तुमी बी, अण्णा," ती म्हणाली. "पर ते वयानं."

अण्णांनी ऐकलं. त्यांना ऐकू येतं. त्यांनी वाटी पुढं केली. अक्कानं त्यात चुरलेली भाकरी घातली आणि वरून दूध ओतलं. टीव्हीवरचे साहेब अजून सरळ झाले नव्हते.